ताटाभोवती : पहिल्या पगाराच्या नूडल्स



मागच्या अंकात आम्ही चिकाच्या हलव्यावर लिहिलं होतं. त्यावर दोन फोन आले. एका मावशींनी नारळाचं दूध कमी सांगितलं म्हणून आमची कानउघाडणी केली, दुसऱ्या मावशींनी जास्त सांगितलं म्हणून. दोघींचाही हलवा उत्तम होतो हे ठाऊक असल्यामुळे आम्ही दोघींनाही "बरोबर आहे तुमचं" म्हटलं आणि फोन ठेवला. या वेळी मात्र जिथे आमचंच चुकलं, आणि चांगलंच चुकलं, अशा एका जेवणाची गोष्ट सांगणार आहोत.

आमचा थोरला नातू लष्करातून सुटला आणि इथे अश्दोदच्या बंदराजवळ एका गोदामात कामाला लागला. पहिला पगार झाला त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सबा, मंगळवारी दुपारी तू आणि सवता माझ्याबरोबर जेवायला यायचं. मी नेणार. चायनीज!"

चायनीजच का? कारण आम्ही. १९८६ साली मुंबई सोडून इथे आलो तेव्हापासून घरात आमचं एक पालुपद चालू आहे. टीव्हीवर कुणी नूडल्स खाताना दिसलं की आम्ही म्हणणार, "हे काय चायनीज! मुंबईचं चायनीज खाल्लं असतंत तर कळलं असतं." मुलांनी ते ऐकून सोडून दिलं. नातवाने ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

मंगळवारी आम्ही इस्त्रीचा शर्ट घातला. सौ.नी नवी ओढणी घेतली. नऊ वर्षांची धाकटी नात शाळेतून परस्पर आली. जागा म्हणजे कनयोनमधलं, म्हणजे मोठ्या दुकानसंकुलातलं, साधंसं खाणावळवजा दुकान. भिंतीवर काश्रुतची तेऊदा लावलेली. ती आम्ही चष्मा लावून तारखेसकट वाचली आणि मगच पुढे झालो.

तिथली पद्धत अशी, की आधी नूडल्सचा प्रकार सांगायचा, मग भाज्या, मग कोंबडी हवी की नको, आणि शेवटी सॉस. काउंटरवरची मुलगी ते सगळं एका मोठ्या कढईत घालून हलवते आणि कागदी पेटीत भरून देते. आमची पाळी आली.

"शेजवान आहे?" आम्ही विचारलं.

"मा?" ती म्हणाली. म्हणजे, काय?

"बरं, व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या?"

तिने एक बोटाएवढी पुडी पुढे केली. आत लाल, गोड, चिकट पाक. मागे रांग वाढत होती. नातवाने हळूच स्वतःच्या मनाने आमच्यासाठी सॉस सांगितला आणि पैसे दिले. एकेक पेटी पन्नास शेकेलच्या वरची. चार पेट्या झाल्या.

टेबलावर बसलो. नातीने विचारलं, "सबा, यावर कुठली ब्राखा?" आम्ही सांगितलं, गव्हाच्या पिठाचं आहे, पण पाव नाही, म्हणून मेझोनोत. तिने नीट म्हटली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. इथपर्यंत छान चाललं होतं.

मग आम्ही पहिला घास घेतला.

वाचकहो, खोटं कशाला सांगावं, जेवण खरंच फसलेलं होतं. नूडल्स एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. वरून कढत आणि पोटात कोमट. कोबीची नुसती आठवण. ब्रोकोलीचे दोन तुरे, तेही पाणी सुटलेले. आणि चव गोड! जेवणाच्या पेटीत आम्ही मुरंबा खातोय की काय असं वाटलं.

इथे शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसून खावं. आम्ही काय केलं? काटा खाली ठेवला आणि भाषण दिलं. "याला चायनीज म्हणतात? अरे, मुंबईत हातगाडीवरचा पोरगासुद्धा याच्यापेक्षा बरं करायचा. मोठ्या ज्वाळेवर, दोन मिनिटांत! हे तर उकडलेल्या सुतळीला साखर लावलीय. आणि यासाठी दोनशे शेकेल?"

सौ.नी टेबलाखालून पाय दाबला. आम्ही पाय काढून घेतला आणि पुढे बोलत राहिलो.

नातू काही म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बेसेदेर, सबा. ठीक आहे." आणि आपल्या पेटीतल्या नूडल्स काडीने इकडच्या तिकडे करत बसला. धाकटीने मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे दादाचे पैसे वाया गेले?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री सौ. दिवा मालवताना एवढंच म्हणाल्या, "अहो, त्याच्या तोंडाकडे पाहिलंत का? नूडल्सकडेच पाहत होता सगळा वेळ."

झोप लागेना. आणि तेव्हा जी गोष्ट आठवली ती आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती.

साल १९७५. आम्ही वीस वर्षांचे. मुंबईत कारकुनी मिळाली आणि पहिला पगार हातात पडला. त्या काळी चायनीज म्हणजे बड्या लोकांचं खाणं. चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्याचं नानकिंग ही नावं आम्ही फक्त बाहेरून वाचलेली. आम्ही फोर्टातलं एक लहानसं दुकान शोधलं आणि बाबांना घेऊन गेलो. बाबा रेल्वेत होते. जेवायला बाहेर जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण मांस खायचं तर आपल्या हज्झानच्या हातचं, नाहीतर नाही. म्हणून आम्ही भाजीच्या नूडल्स मागवल्या आणि मटणाच्या भांड्यात करू नका म्हणून वेटरला तीनदा बजावलं.

बाबांना काटा धरता येत नव्हता. नूडल्स सुटून पांढऱ्या शर्टावर पडल्या, काळा डाग पडला. त्यांनी रुमालाने तो पुसला, ताट रिकामं केलं आणि म्हणाले, "छान आहे हो. फारच छान." आम्ही घरी आलो ते हवेत तरंगत.

बाबा १९९१ साली इथेच गेले. शिवाच्या सात दिवसांत आम्ही जमिनीवर बसलो असताना आई सहज बोलून गेली. "तुझ्या त्या चायनीजच्या दिवशी घरी येऊन त्यांनी दोनदा आमटीभात घेतला. मला म्हणाले, गांडुळं खातोय असं वाटत होतं गं. पण पोराला सांगू नकोस. त्याचा पहिला पगार आहे."

सोळा वर्षं त्यांनी ते सांगितलं नाही. आम्हाला सोळा मिनिटंही गप्प बसवलं नाही.

आता बालमित्रांनो, जरा इकडे लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी आम्ही धाकटीला बोलावलं आणि ज्या 'मुंबईच्या चायनीज'साठी एवढा तमाशा केला ते मुळात आहे तरी काय, याचा शोध घेतला. जे कळलं त्याने आमचं नाक आणखी खाली आलं.

हक्का नूडल्समधलं 'हक्का' हे चीनमधल्या एका समाजाचं नाव. १८व्या शतकाच्या अखेरीस तोंग आची नावाचा एक चिनी गृहस्थ कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी येऊन राहिला, त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही आचीपूर म्हणतात. त्याच्यामागून पुष्कळ चिनी लोक कलकत्त्यात आले. हक्का मंडळींनी तांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने चालवले आणि पुढे तिथेच खाणावळी काढल्या. गिऱ्हाईक भारतीय, म्हणून त्यांनी हिरवी मिरची, आलं, लसूण सढळ हाताने घातलं. आपलं 'चायनीज' जन्मलं ते असं.

मंचुरियनचा तर मांचुरियाशी काही संबंधच नाही. कलकत्त्यात वाढलेले नेल्सन वांग नावाचे आचारी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करत होते. १९७५ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत, पण आपली ती लाल चटणी सिचुआनच्या माणसाला दाखवली तर तोही विचारेल, "मा?"

काउंटरवरच्या त्या मुलीला आम्ही जे मागत होतो ते चीनचं नव्हतंच. ते कलकत्त्याच्या चिनी लोकांनी भारतीयांसाठी केलेलं, मुंबईत आम्हाला मिळालेलं आणि इथे कुणालाच ठाऊक नसलेलं होतं. आणि गंमत पाहा. १९६२ च्या युद्धात भारतातल्या कितीतरी चिनी कुटुंबांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. नंतर बरेच जण देश सोडून कॅनडात गेले. आज टोरांटोत 'हक्का' पाट्यांची हॉटेलं आहेत आणि त्यांत चिली चिकन आणि मंचुरियन मिळतं. कलकत्ता सोडलेली चिनी माणसं तिथे कलकत्त्याची चव शोधतात आणि मुंबई सोडलेले आम्ही इथे तीच चव शोधतो.

धाकटीने विचारलं, "सबा, चीनमध्ये आपले लोक होते का?" होते, बाळ. कायफेंग शहरात ११६३ साली त्यांनी सिनेगॉग बांधलं होतं. शेजारचे चिनी लोक त्यांच्या धर्माला 'स्नायू काढणाऱ्यांचा पंथ' म्हणत. याकोवची देवदूताशी झटापट झाली आणि त्याच्या मांडीला दुखापत झाली, म्हणून आपण जनावराच्या मांडीतला तो स्नायू काढून टाकतो. तेवढ्यावरून ते ओळखले जात. त्यांच्या वंशजांपैकी काही जण २००९ आणि २०१६ साली इस्राएलात येऊन राहिले आहेत.

आता आपल्या कोकणातल्या पूर्वजांकडे पाहा. ते घाण्यावर तेल काढत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आणि परंपरा सांगते, की दाविद राहाबी आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले, आणि राहाबींना खूण पटली. कायफेंग काय आणि अलिबाग काय, आपली माणसं ओळखली गेली ती चुलीवरून. म्हणून ताटाशी कसं वागावं हे आपल्याला तरी कळायला हवं होतं.

आणखी दोन गोष्टी मुलांसाठी. नूडल्स किती जुन्या? चीनमध्ये लाज्या या ठिकाणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स एका उपड्या वाडग्याखाली सापडल्या. त्याची बातमी २००५ साली आली. आणि तुम्ही शाळेत ज्यांना 'इत्रियोत' म्हणता, त्या शब्दाचं जुनं रूप यरुशलमी तालमूदमध्येही आहे. तेव्हा नूडल्स आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

एवढं कळल्यावर आम्ही त्या दुकानाबद्दलही थोडं बरं बोलायला शिकलो. नूडल्सचा गोळा का होतो? आधी उकडून ठेवलेल्या नूडल्स कढईत एकदम भरपूर टाकल्या की कढईची धग उतरते, भाजीला पाणी सुटतं, आणि परतण्याऐवजी सगळं वाफेत शिजतं. दुपारच्या गर्दीत एका मुलीने दहा जणांचं करायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? कोबी कमी का? काश्रुतच्या स्वयंपाकघरात पालेभाजीतली कीड पानन्‌पान पाहून काढावी लागते. ते वेळखाऊ काम. आणि गोड का? कारण इथल्या मुलांना ते आवडतं. आमच्या धाकटीने तिची पेटी चाटूनपुसून संपवली होती. आमचं लक्षच नव्हतं.

मोत्झाए शबातला नातवाला घरी बोलावलं. "आज सबा आणि सवता नूडल्स करणार." सौ.नी कोबी आणि पातीचा कांदा मिठाच्या पाण्यात भिजवून, उजेडात धरून, पान न पान पाहिला. आमच्याकडे मिरच्यांचं खातं होतं.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. तीन माणसांना २०० ग्रॅम नूडल्स पुरतात. पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट कमी उकळा, गार पाण्याखाली धरा, चमचाभर तेल लावून ताटात तासभर पसरून ठेवा. कढई धूर येईपर्यंत तापवा. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी नाही. आधी लसूण आणि मिरची, मग भाजी एक मिनिट, मग निम्म्याच नूडल्स. उरलेल्या दुसऱ्या खेपेला. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, मिरपूड. बाटलीवरचा शिक्का पाहून घ्या. आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, तेव्हा पेसाखला ती बाटली हामेत्झबरोबर बाहेर! अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये चार हिरव्या मिरच्या चिरून, चिमूटभर मीठ घालून दोन तास आधी ठेवा, की झालं मुंबईचं चायनीज.

नातवाने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला, कान लाल झाले, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कसं आहे?" आम्ही विचारलं.

"ताईम, सबा," तो म्हणाला. "ताईम मेओद. फार छान."

धाकटी म्हणाली, "सबा, त्याने पाण्याची आख्खी बाटली संपवली!"

आम्ही त्याच्याकडे पाहिलं. घाम पुसत तो हसत होता आणि काट्यावर तिसरा घास गुंडाळत होता. आमच्या बाबांना त्याने कधी पाहिलं नाही. ते गेले तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

मग आम्ही त्याला १९७५ ची गोष्ट सांगितली. शर्टावरचा डाग, गांडुळं, आमटीभात, सगळं. तो पोट धरधरून हसला. मग आम्ही म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं, बेटा. तू एवढ्या प्रेमाने नेलंस आणि मी नाही नाही ते बोललो." तो म्हणाला, "सबा, नूडल्स वाईटच होत्या. मलाही नाही आवडल्या." आणि जरा थांबून विचारलं, "मग तुझे बाबा परत कधी आले का तुझ्याबरोबर चायनीज खायला?"

आले होते. पुढच्याच वर्षी, पगार वाढला तेव्हा. आम्ही विचारलं, आणि त्यांनी मुकाट्याने पांढरा शर्ट घातला.

पुढच्या महिन्यात नातवाचा पगार झाला की तो आम्हाला पुन्हा नेणार आहे. त्याच दुकानात, कारण ते त्याच्या कामाच्या वाटेवर आहे आणि धाकटीला ते आवडतं. मिरच्यांची बाटली खिशातून नेता येणार नाही, काश्रुतच्या दुकानात बाहेरचं खाणं न्यायला मनाई असते. तेव्हा जे मिळेल ते खाऊ. गोळा झाला असेल तर काट्याने सोडवू. गोड असेल तर मुरंबा समजू.

सौ.नी आत्ताच विचारलं, "आणि विचारलं कसं आहे, तर काय म्हणाल?"

ते आम्हाला आता पाठ झालं आहे.

आपल्याही घरी असा पहिल्या पगाराचा घास कुणी भरवला असेल, तर जरूर कळवा. नावडलेला असला तर आणखीच आवडीने वाचू. पुढच्या अंकात भेटू. तोवर शालोम, आणि बतेआवोन!